कोल्हापूरचे उत्तर फोंड्यात चालले नाही

वाचकाचे पत्र : मी फोंडा तालुक्यातला. बँकेतली नोकरी कोल्हापूर, सांगली, पुणे अशी करून निवृत्तीनंतर गावी परतलो. कर्जविभागात होतो, त्यामुळे कागदपत्रांची सवय. वाड्यावर कोणाचे काही अडले की लोक माझ्याकडे येतात. जमीन, मुदत ठेव, औषध, पावसात तर अळंबी खायची की नाही हेसुद्धा मलाच विचारतात. (अळंबी शिजवताना चांदीचा रुपया टाकून पाहायचा, काळा पडला तर अळंबी विषारी, ही आमच्या घरची रीत मी सगळ्यांना सांगतो, ती कधी चुकली नाही.) गेल्या महिन्यात शेजारच्या आप्पांनी विचारले की घर धाकट्या मुलाला द्यायचे आहे, काय करू? मी म्हणालो, घर तुमच्या कमाईचे, मृत्युपत्र करा, कोणाला विचारायची गरज नाही. पुढे वकिलाने त्यांना सांगितले की गोव्यात असे करता येत नाही. आप्पा मला काहीच बोलले नाहीत, पण मनाला फार लागले. मुलाने पुण्याहून एक आलेख पाठवला आणि म्हणाला, ‘बाबा, तुम्ही या पहिल्या शिखरावर आहात, माहिती कमी आणि आत्मविश्वास जास्त.’ आता कोणी काही विचारले की तोंड उघडायची भीती वाटते. गप्प बसलो तर लोक म्हणतील, याला काही येत नाही. आपल्याला काय माहीत नाही हे माणसाने ओळखायचे तरी कसे?

उत्तर : आधी आप्पांच्या घराचे पाहू, कारण घोळ नेमका कुठे झाला ते तिथेच दिसते. तुम्ही सांगितलेला नियम खोटा नव्हता. हिंदू माणसाला आपल्या कमाईची मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येते, हे कोल्हापुरात आणि पुण्यात बरोबर आहे. गोव्यात मात्र कुटुंबाचा आणि वारशाचा कायदा वेगळा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली तत्त्वे मुक्तीनंतरही इथे चालू राहिली आणि वारशापुरती ती आज २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहेत. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, मग कागदावर नाव एकाचेच का असेना. शिवाय मुले असतील तर माणसाच्या स्वतःच्या वाट्यातला निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो. कायद्याने नेमून दिलेली मोजकी कारणे सोडली तर मृत्युपत्राने तो काढून घेता येत नाही.

सोळा आण्यांचा हिशेब मांडा. आठ आणे आप्पांच्या पत्नीचे, आप्पा हयात असतानाही. उरलेल्या आठांतले चार मुलांसाठी राखीव. आप्पांना आपल्या मर्जीने देता येतात ते फक्त चार आणे. तुम्ही त्यांना सोळा सांगितले होते.

म्हणजे तुमच्याकडे माहिती कमी होती असे नाही. ती भरपूर होती, वर्षानुवर्षे वापरून घासलेली होती. पण ती कुठवर लागू पडते, हे तुम्ही तिच्यासोबत लक्षात ठेवले नव्हते. तीस वर्षे नियम बरोबर निघत गेला तो एकाच हद्दीत. ती हद्द ओलांडल्याची सूचना मनाला मिळत नाही. माहिती जितक्या सहज आठवते तितकी ती आपल्याला खरी वाटते, आणि सहज आठवते ती वारंवार वापरल्यामुळे. इथे लागू पडते म्हणून नव्हे. जाणकार माणसे चुकतात त्यातल्या बऱ्याच चुका या जातीच्या असतात. नवशिक्याला निदान आपण नवीन आहोत हे ठाऊक असते.

यावर उपाय आहे, आणि तो तुम्हाला जमेल, कारण कर्जाची फाईल तपासताना तुम्ही तेच करत होता. गहाणखताच्या कागदावर तारीख, ठिकाण आणि सही नसेल तर तुम्ही तो परत पाठवला असता. डोक्यातल्या माहितीलाही तेच लावायचे. सल्ला देण्याआधी मनात विचारा: हे मला कुठले माहीत आहे, कोणत्या सालचे, कोणाकडून कळले आणि मी स्वतः कधी ताडून पाहिले का? चारांपैकी दोहोंची उत्तरे सापडत नसतील, तर ती ऐकीव गोष्ट समजावी, कितीही ठाम वाटली तरी.

‘कोणत्या सालचे’ हा प्रश्न तुमच्यासारख्या निवृत्तांनी विशेष जपावा. बँकेतल्या ठेवीला एक लाखापर्यंत विम्याचे संरक्षण असते, असे अजूनही पुष्कळ जुने अधिकारी सांगतात. ते १९९३ पासून बरोबर होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती मर्यादा पाच लाख झाली, आणि तीही प्रत्येक ठेवीला नव्हे, तर एका बँकेत एका ठेवीदाराच्या मुद्दल आणि व्याज मिळून सगळ्या रकमेला. निवृत्तीच्या दिवशी आपली माहिती गोठते, नियम पुढे जात राहतात. तेव्हा व्याजदर, कर, मर्यादा, फॉर्म या चार गोष्टींवर निवृत्तीनंतर ताजा कागद पाहिल्याशिवाय बोलू नका.

‘कोणाकडून’ या प्रश्नात एक फसगत होते. तिघांनी सांगितले म्हणून आपण खात्री धरतो. पण भावाला ती गोष्ट कळली मेहुण्याकडून, मेहुण्याला वाड्याच्या व्हॉट्सॲप गटातून, आणि डॉक्टरकडच्या रांगेत भेटलेला गृहस्थही त्याच गटात. साक्षी तीन दिसतात, साक्ष एकच. म्हणून प्रत्येकाला एक पायरी मागे न्या: ‘तुम्हाला कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले का?’ दोन-तीन पायऱ्यांत धागे एकाच ठिकाणी जाऊन मिळाले तर ती एकच बातमी म्हणून मोजा.

आता चांदीच्या रुपयाबद्दल, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत घातक गोष्ट ती आहे. मृत्युपत्राची चूक वकिलाकडे गेल्यावर निस्तरते, ही निस्तरत नाही. कृपा करून ही रीत आजपासून बंद करा.

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्याला चांदीचा चमचा लावला तरी तो काळवंडतो. जीवघेण्या अळंबीतले अमाटॉक्सिन हे विष चांदीला काहीही करत नाही. ते शिजवल्याने जात नाही, उकळून पाणी टाकल्यानेही जात नाही. किडे-गोगलगायींनी खाल्लेली अळंबी चांगली, तांदूळ किंवा लसूण टाकल्यावर रंग बदलला नाही तर चांगली, या खुणाही तितक्याच निरुपयोगी आहेत. त्यात आणखी वाईट असे की हे विष लगेच कळत नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. मग थोडे बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत बिघडत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर बऱ्याच तासांनी त्रास सुरू झाला तर ‘आता उतरले’ म्हणून घरी थांबू नये. उरलेली अळंबी, कच्ची असो वा शिजवलेली, सोबत घेऊन थेट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात किंवा जवळच्या इस्पितळात जावे.

मग ही रीत तुमच्या घरी कधी चुकली का नाही? एका कागदावर चार चौकोन आखा. पहिला, अळंबी चांगली आणि रुपया पांढरा. दुसरा, अळंबी चांगली आणि रुपया काळा. तिसरा, अळंबी विषारी आणि रुपया काळा. चौथा, अळंबी विषारी आणि रुपया पांढरा. आता तुमच्या आईच्या काळापासूनचे सगळे अनुभव या चौकोनांत भरा. ते सगळे पहिल्यात पडतील. तुमच्याकडे येणारी अळंबी वारुळावरची, ठरावीक राईतून ठरावीक माणसांनी आणलेली. ती वेचणाऱ्याला ओळख होती, म्हणून ती चांगली होती. रुपयाने काहीच निवडले नाही. विषारी अळंबी त्या भांड्यात कधी गेलीच नाही, म्हणून ती गेल्यावर रुपया काय करतो हे तुमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. तिसरा आणि चौथा चौकोन रिकामा असताना ‘कधी चुकली नाही’ या वाक्याला वजन नाही.

हे चार चौकोन आम्हाला फार मोलाचे वाटतात, कारण ते कुठेही चालतात. अमुक काढा घेतल्यावर सर्दी गेली. काढा न घेता किती जणांची गेली? अमुक ज्योतिषाचे भाकीत खरे झाले. खोटी झालेली कोणी मोजली? आपले मन पहिला चौकोन आपोआप भरते, उरलेले तीन मुद्दाम भरावे लागतात. आणि ते नेहमी स्वतःच भरायचे असे नाही. अळंबीच्या बाबतीत तर मुळीच नाही, तिथे दुसऱ्यांनी केलेल्या नोंदींवरच भागवायचे.

मनाचा हा कल १९६० मध्ये पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने एका सोप्या खेळातून दाखवला. चवथीला घर भरलेले असेल तेव्हा करून पाहा. तुम्ही मनात तीन आकड्यांचा एक नियम धरा आणि समोरच्याला सांगा की २-४-६ या नियमात बसतात. त्याने स्वतः तीन-तीन आकडे सुचवायचे, तुम्ही ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढेच म्हणायचे. खात्री झाली की त्याने नियम सांगायचा. लोक ८-१०-१२ विचारतात, २०-२२-२४ विचारतात, प्रत्येक वेळी ‘बसतात’ ऐकून खूश होतात आणि सांगतात, दोन-दोनने वाढणारे आकडे. खरा नियम असतो, प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा. १-२-५० विचारले असते तर लगेच कळले असते. पण आपला अंदाज मोडेल असा प्रश्न माणसाला सुचतच नाही. म्हणून ती सवय हाताला लावावी लागते: खात्री वाटली की थांबून विचारा, ‘मी चुकत असलो तर मला काय दिसले असते, आणि ते पाहायला मी गेलो होतो का?’ आप्पांच्या बाबतीत हा प्रश्न असा झाला असता: ‘गोव्यात मृत्युपत्राने सगळे घर एका मुलाला देता येत नसेल, तर ते मला कोण सांगू शकेल?’ उत्तर तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात होते.

तुमच्या मुलाने पाठवलेल्या आलेखाविषयी. एक उंच शिखर, मग दरी, मग हळूहळू चढण, असे ते चित्र असणार. ते डनिंग आणि क्रूगर या मानसशास्त्रज्ञांच्या नावावर फिरते, पण त्यांच्या १९९९ च्या मूळ निबंधात ते नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या, गुणांप्रमाणे चार गट पाडले आणि प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक अंदाजाने सांगायला लावला. सर्वांत खालचा गट प्रत्यक्षात शंभरांत सरासरी बाराव्या स्थानी होता आणि स्वतःला बासष्टाव्या स्थानी समजत होता. वरच्या गटाने स्वतःला थोडे कमी लेखले. खालच्या गटाचा स्वतःविषयीचा अंदाज वरच्यांपेक्षा जास्त नव्हताच, तो फक्त त्यांच्या पात्रतेहून बराच जास्त होता. या फरकातला काही भाग निव्वळ आकडेवारीच्या खेळामुळे दिसतो, असाही आक्षेप संशोधकांनी घेतला आहे. मुलाला हे कळवा, रागाने नको. त्याने आलेख ताडून न पाहता पाठवला, तुम्ही नियम ताडून न पाहता सांगितला. दोघांनी मिळून सुधारायचे हे काम आहे.

आणि हुशारी यातून वाचवत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले. जुनी नाणी हातोहात फिरून झिजतात, तेव्हा वजनातल्या घटीवरून त्यांचा काळाचा क्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. तो प्राचीन नाण्यांवर लावण्याआधी त्यांनी चलनातली आधुनिक नाणी मोठ्या संख्येने तोलली, कारण त्यांच्यावर साल छापलेले असते आणि पद्धत बरोबर की चूक हे तिथे कळते. उत्तर ठाऊक असलेल्या जागी आपली पद्धत आधी पारखून घ्यायची, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित मिळतो. त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये गणितातले रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा छापला. तो टिकला नाही आणि गणितज्ञांमधल्या त्यांच्या नावाला धक्का बसला. एकाच माणसाने एका ठिकाणी पारख केली आणि दुसरीकडे ती पुरी पडली नाही. म्हणून ‘मी विचारी माणूस आहे’ असा दाखला एकदा मिळवून भागत नाही, विषयागणिक पारखावे लागते.

ते पारखायचे कसे? एका संध्याकाळचे काम आधी सांगतो. दहा प्रश्न घ्या ज्यांचे उत्तर आकडा आहे. प्रत्येकाला नेमका आकडा न लिहिता खालची आणि वरची मर्यादा लिहा, अशी की खरे उत्तर त्यात असण्याची तुम्हाला शंभरांत नव्वद खात्री वाटते. पाच प्रश्न आमच्याकडून, पाच मुलाला काढायला सांगा. गोव्याचे क्षेत्रफळ किती चौरस किलोमीटर? २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या किती? पणजीत वैद्यकीय शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली? गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात दोन बाजूंमध्ये किती मतांचा फरक होता? आबे फारिया यांचा जन्म कोणत्या साली झाला? लिहून झाल्यावरच पुढे वाचा. उत्तरे अशी: ३,७०२, १४,५८,५४५, १८४२, ३४,०२१, १७५६.

नव्वद टक्के खात्री खरी असेल तर दहातली नऊ उत्तरे तुमच्या मर्यादांत बसायला हवीत. बहुतेकांची पाच-सहाही बसत नाहीत. कारण असे की मर्यादा रुंद लिहिली तर आपण अडाणी दिसू, अशी लाज वाटते. आबे फारियांसाठी १७५० ते १७६० लिहिणे रुबाबदार वाटते, १६५० ते १८५० लिहिणे लाजिरवाणे. पण ज्याला काहीच कल्पना नाही त्याचे प्रामाणिक उत्तर ते रुंद मर्यादेचेच आहे. इथे गुण नेमकेपणाला नाहीत. खात्री आणि सत्य जुळते की नाही, एवढेच मोजायचे आहे.

दुसरे काम लांबचे, पण खरा फरक त्यानेच पडतो. एक साधी शंभर पानी वही घ्या. कोणी सल्ला विचारला किंवा तुम्ही ठाम काही बोललात की त्याच दिवशी एक ओळ लिहा: तारीख, विषय, काय म्हणालो, कशावरून, आणि खात्री किती, पन्नास ते शंभर या आकड्यांत. हो-नाहीच्या विधानात पन्नास म्हणजे नाणेफेक, शंभर म्हणजे पैज लावून घर गहाण टाकीन. निकाल कधी कळणार तेही लिहा. निकाल लागला की बरोबर किंवा चूक.

विधान असे हवे की निकालावर वाद होणार नाही. ‘यंदा पाऊस बरा पडेल’ याचा निकाल कधीच लागत नाही. ‘येत्या शनिवारी संध्याकाळपर्यंत फोंड्यात पाऊस पडेल, ८० टक्के’ याचा लागतो. ‘त्या कर्जाचे काम होईल’ हे कच्चे. ‘३० तारखेच्या आत कर्ज मंजूर होईल, ७० टक्के’ हे पक्के.

गुण द्यायची रीत अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाचे अंदाज तपासण्यासाठी मांडली. खात्री दशांशात लिहा. बरोबर ठरले तर निकाल १, चूक ठरले तर ०. दोहोंतला फरक काढून त्याचा वर्ग करा. ०.९ खात्रीने बोललात आणि बरोबर निघाले: ०.१ चा वर्ग, म्हणजे ०.०१. तेच चूक निघाले: ०.८१. ०.६ म्हणालात आणि चुकलात: ०.३६. सगळ्यांची सरासरी जितकी कमी तितके चांगले. प्रत्येक वेळी डोळे मिटून ०.५ लिहिले तर सरासरी ०.२५ येते. तुमची सरासरी त्याहून जास्त आली तर त्या विषयात नाणे उडवणारा तुमच्यापेक्षा बरा. पाहा, ठामपणे चुकण्याची किंमत किती जबर आहे: ०.९ ने एकदा चुकलात तर तो ०.८१ भरून काढायला ०.९ ने पुष्कळदा बरोबर यावे लागते.

चाळीस-पन्नास नोंदी झाल्यावर विषय वेगळे करा. बँक आणि कर्ज एका पानावर, जमीन दुसऱ्या, औषध-आजार तिसऱ्या, राजकारण चौथ्या. मग ज्या ज्या ठिकाणी ९० लिहिले होते तिथे किती खरे निघाले ते मोजा. आमचा अंदाज असा की कर्जाच्या पानावर तुम्ही उत्तम निघाल आणि औषधांच्या पानावर धक्का बसेल. तुम्ही विचारलेल्या ‘काय माहीत नाही’चे उत्तर हेच पान.

यात लोक कुठे घसरतात तेही सांगून ठेवतो. निकाल लागल्यावर नोंद लिहितात, आणि मग ‘मला वाटतच होते’ हे खरेच वाटू लागते. निकाल कळल्यावर आपली जुनी खात्री आपल्याला बदललेली आठवते, त्यात लबाडी नसते, म्हणूनच नोंद आधी लिहायची. काही जण सोपीच विधाने निवडतात, उद्या सूर्य उगवेल या धर्तीची, मग सरासरी सुंदर येते आणि कळत काहीच नाही. दहा नोंदींवर निष्कर्ष काढण्यातही अर्थ नाही, तेवढ्यात नशीब जास्त बोलते. आणि वही घरात कोणाला तरी दाखवावी. एकट्याने ठेवलेली वही चुका लपवायला शिकते.

काही विषयांत मात्र निकाल लागायला वर्षे जातात, किंवा लागतच नाही. तिथे वही कामाची नाही. तिथे समजावून सांगून पाहा, पायरी न गाळता. तुम्ही फोंडा तालुक्यातले, खाजन शेती, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून केलेली शेती, आणि त्या बांधातली मानस, म्हणजे पाण्याची दारे, पाहिलेली असणारच. मानशीचे काम कसे चालते ते माहीत आहे का, असे विचारले तर कोणीही हो म्हणेल. आता कागदावर काढा. दारे कोणत्या बाजूला उघडतात, नदीकडे की शेताकडे? भरतीला ती कोण लावतो? ओहोटीला कोण उघडतो? रात्री माणूस नसताना काय होते? (दारे नदीकडे उघडतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्याच दाबाने ती मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला नदी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात.) येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना झिप, कुलूप, शौचालयाचा फ्लश अशा रोजच्या वस्तू आपल्याला किती कळतात ते आधी आकड्याने सांगायला लावले, मग पायरीपायरीने लिहायला. लिहून झाल्यावर बहुतेकांनी स्वतःचा आकडा आपणहून खाली आणला. वस्तू डोळ्यांना ओळखीची झाली की ती समजली असे आपण धरून चालतो. मृत्युपत्र, विमा, वारसनोंद यांचेही असेच. सल्ला देण्याआधी ‘पहिल्यांदा कोणत्या खिडकीवर, कोणता कागद, मग काय’ हे मनात चालवून पाहा. जिथे ‘मग ते होते’ असे मोघम शब्द येऊ लागतात, तिथे तुमची माहिती संपली.

आता राहिली ‘माहीत नाही’ म्हणायची भीती. नुसते ‘मला ठाऊक नाही’ म्हणून माणसाला दारातून परत पाठवले तर त्याला वाईट वाटणारच, तो तुमच्याकडे आधाराला आला होता. उत्तर तीन भागांत द्या: मला पक्के काय ठाऊक आहे, माझी माहिती कुठे थांबते, आणि पुढे कोणाकडे जायचे. आप्पांना असे सांगता आले असते: ‘आप्पा, महाराष्ट्रात हे मृत्युपत्राने होते, ते मी पाहिले आहे. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे एवढे ऐकून आहे, तपशील मला ठाऊक नाही. उपनिबंधक कार्यालयात विशेष नोटरी असतात, त्यांना विचारू. जाताना घराचे खरेदीखत, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि तुमच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला घ्या. मी सोबत येतो.’ यात तुमचा मान कुठे कमी होतो? उलट तीस वर्षे कागद हाताळलेला माणूस सोबत असण्याचा आप्पांना खरा उपयोग तिथेच आहे. खिडकीपलीकडचा माणूस भराभर बोलतो तेव्हा नेमके काय विचारायचे हे तुम्हाला कळते, आप्पांना कळत नाही.

मात्र दुसऱ्या टोकाला जाऊ नका. एकदा चुकलो म्हणून प्रत्येक वाक्याला ‘कदाचित’ लावणारा माणूस वाड्याला तितकाच निरुपयोगी. कर्जाच्या हप्त्यात आधी व्याज जास्त आणि मुद्दल कमी का जाते, हे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगू शकता, तर तसेच सांगा. चांदीचा रुपया विष ओळखत नाही, हेही ठामपणे सांगायचे. खात्री जिथे कमावलेली आहे तिथे ती पूर्ण वापरावी. सगळीकडे सारखीच शंका घेणे म्हणजे तपासायचा कंटाळा.

आणि तपासणीचा खर्चही पाहावा लागतो. प्रत्येक गोष्टीला वही आणि नोटरी लागत नाही. कोणत्या दुकानातला चवळीचा दाणा चांगला, यावर चुकलात तर एक आमटी बिघडेल. चूक झाली तर कोणाचे काय जाईल आणि ते परत फिरवता येईल का, हे दोन प्रश्न आधी. जीव, जमीन, जन्माची पुंजी यांवर उत्तर द्यायचे असेल तेव्हा थांबा, कागद पाहा, जाणकाराकडे जा. बाकीच्या गप्पा मोकळेपणाने मारा, त्यांच्याशिवाय गावात राहण्यात मजा नाही.

पाऊस तोंडावर आला आहे, म्हणून वहीच्या आधी एक यादी करा. रुपयाची रीत गेल्या काही वर्षांत कोणाकोणाला सांगितली ती नावे आठवून लिहा, सुना-लेकींसकट, कारण स्वयंपाकघरात ती रीत त्यांच्याकडेच गेली असणार. प्रत्येकीला स्वतः भेटून किंवा फोन करून सांगा, व्हॉट्सॲपवर नुसता निरोप टाकू नका, तो इतर निरोपांखाली दबून जाईल. वाक्य सरळ असू द्या: ‘मी सांगितलेली रुपयाची खूण चुकीची आहे, तिच्यावर विसंबून अळंबी खाऊ नका. वर्षानुवर्षे वेचणाऱ्या ओळखीच्या माणसाकडची, ओळखता येईल अशी अखंड अळंबी असेल तरच घ्या. त्या माणसालाच जरा शंका वाटली तर टाकून द्या.’ त्या ‘का’ विचारतील. तेव्हा चार चौकोनांचा कागद काढून दाखवा.